आई दाखवत नाहीत, तिथून पिल्लू आणू नका

प्रश्न : आम्ही नागपुरात बेसा रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी आणि हे, दोघंही मिहानमध्ये नोकरीला. मुलगा सहावीत गेला, कधीपासून लॅब्राडॉरचा हट्ट धरून बसलाय. मे महिन्यात त्याचा वाढदिवस, म्हणून यंदा आणायचंच ठरवलं. कामठी रोडकडच्या एका ब्रीडरशी फोनवर बोलणं झालं. पिल्लू ३५ दिवसांचं आहे, ‘डबल बोन’ आहे, पहिली लस झाली म्हणतात. पेपरशिवाय १५ हजार, पेपरसकट २५. “ताई, आज पाच हजार टोकन टाका, दोन पार्ट्या लागून आहेत,” असं रोज म्हणून राहिले. आईला बघता येईल का विचारलं, तर ती दुसऱ्या फार्मवर आहे. पिल्लू घरपोच आणून देतो म्हणाले. माझी जाऊ म्हणते, रस्त्यावर इतकी कुत्री उपाशी फिरताना पैसे मोजून कुत्रं आणणं म्हणजे पाप. माझं माहेर काटोलचं, मळ्यात कायम कुत्री होती, त्यामुळे मला सवय आहे. दिवसभर सासूबाई घरी असतातच. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांचं म्हणणं एवढंच, की “आणता तर आणा, पण माझ्याच्यानं होणार नाही.” टोकन देऊ का? आणि ब्रीडर चांगला की वाईट, हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, बेसा

ताई, टोकन देऊ नका. आज पुन्हा फोन आला तर “आमचं अजून ठरलं नाही” एवढं सांगा आणि ठेवून द्या. त्या दोन पार्ट्यांना ते पिल्लू खुशाल मिळू द्या. अर्थात त्या पार्ट्या खऱ्या असल्या तर.

तुम्ही पत्रात जे सहज लिहून गेलात, त्यातच उत्तराचा मोठा भाग आला आहे. ३५ दिवस, आई दुसरीकडे, पेपरचा वेगळा रेट, घरपोच सेवा. यातलं एकेक सुटं घेतलं तर त्याला काहीतरी कारण सांगता येईल. चारही एका फोनमध्ये आले, की समोर ब्रीडर नसून मधला माणूस असण्याची शक्यता जास्त. पिल्लं कुठून तरी गाडीत येतात, दोन-चार दिवस एखाद्या खोलीत राहतात आणि व्हिडिओवर विकली जातात. त्यांची आई कुठे आहे, ती कशी आहे, हे त्या माणसालाच धड ठाऊक नसतं.

आधी वयाचं बोलू. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्याने मनाई आहे. कुत्र्यांच्या प्रजननाबद्दल आणि विक्रीबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यात हे स्पष्ट आहे. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी आणि ते प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावलेलं हवं. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची वीत, म्हणजे पिल्लं, घेता येत नाही, आठ वर्षांनंतरही नाही, आणि जन्मभरात पाचपेक्षा जास्त वेळा नाही. हे सगळं कागदावर आहे. पाळणारे किती, ते विचारू नका. पण “तुमचा नोंदणी क्रमांक काय?” हा प्रश्न फोनवरच विचारता येतो, आणि पलीकडचा आवाज कसा बदलतो त्यावरून पुष्कळ कळतं.

मग ३५ दिवसांचं पिल्लू विकायची घाई का? त्या वयात ते सगळ्यात गोंडस दिसतं, हे एक. दुसरं, आईचं दूध आटत आलेलं असतं आणि खाण्याचा खर्च इथून पुढे विक्रेत्याच्या अंगावर पडणार असतो. तिसरं कारण कुणी सांगत नाही. आईच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून मिळालेलं संरक्षण साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरायला लागतं, आणि पार्व्होचा, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या हगवणीचा, खरा धोका तेव्हापासून सुरू होतो. म्हणजे धोक्याचे दिवस नेमके तुमच्या घरात येतात. दवाखान्यात पार्व्होची जी पिल्लं येतात, त्यांची कहाणी बहुतेक वेळा सारखीच असते: आणून आठवडाही झालेला नाही, परवापासून खाणं सोडलं, आज रक्ताची हगवण. विक्रेत्याला फोन लावला, तर “आमच्याकडे होतं तेव्हा ठणठणीत होतं.” त्याचं म्हणणं खोटं असेलच असं नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार-सहा दिवस सहज जातात.

‘पहिली लस झाली’ यावरही फार विसंबू नका. चिकातलं तेच संरक्षण अंगात असेपर्यंत लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून तर सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. लसीचं पुस्तक हातात आलं की बाटलीवरचं स्टिकर चिकटवलंय का, ते बघा. त्यावर लसीचं नाव आणि बॅच नंबर असतो. शेजारी डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. निळ्या पेनाने नुसती तारीख टाकलेलं पुस्तक कुणालाही घरबसल्या भरता येतं. वयाची शंका आली तर हलकेच ओठ उचलून दात बघा. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे पुढचे दात नुकते टोचायला लागलेले असतात, दाढा अर्ध्यामुर्ध्या. आठ आठवड्यांत दुधाचे २८ दात जवळपास पुरे होतात.

तीन आठवड्यांचा हा फरक दातांपुरता नाही. याच दिवसांत पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं की जोरात चावलं की समोरचा किंचाळतो आणि खेळ थांबतो. ही शाळा बुडालेलं पिल्लू पुढे तुमच्या मुलाच्या हातावर शिकतं.

आता आईबद्दल, कारण माझ्या मते सगळा सौदा तिथेच ठरतो. तुमचं माहेर काटोलचं. तिकडे संत्र्याची कलमं घेताना कोणी रोपाचा नुसता हिरवा पाला बघून पैसे देत नाही. डोळा कुठल्या झाडाचा, ते झाड निरोगी आहे का, नर्सरी कोणाची, हे आधी विचारतात. कारण खोट निघाली तर ती बाग फळावर आल्यावर कळते, तोवर वर्षं गेलेली असतात. कुत्र्याचंही अगदी तसंच. लॅब्राडॉरमध्ये कमरेच्या सांध्याचा दोष आईबापाकडून येतो. दोन महिन्यांच्या पिल्लात तो दिसत नाही. वजन वाढलं, वर्ष-दीड वर्ष झालं की कुत्रं मागून लंगडायला लागतं, जिना टाळतं. म्हणून आईबापाच्या कमरेचा एक्स-रे काढलाय का, हे जरूर विचारा. आपल्याकडे फार थोडे ब्रीडर काढतात. पण ज्याने काढला तो अभिमानाने दाखवतो, ज्याने नाही काढला तो निदान प्रश्न समजून उत्तर देतो, आणि ज्याला या प्रश्नाचाच राग येतो, त्याच्याकडून उठून यावं.

एक्स-रे नसला तरी आई समोर असली की बरंच बघता येतं. तिला बसलेली असताना हाक मारायला सांगा. मागचे पाय सरळ उचलून उठते की पुढच्या पायांवर अंग ओढत उठते? अनोळखी माणसं बघून शेपटी हलवत येते, की भिंतीला चिकटून थरथरते? थोडं गुरगुरणं समजून घ्या, पिल्लं आहेत तिची. पण भित्र्या आईची भीती पिल्लात उतरते, आणि ती नंतर लाडाने जात नाही. आणखी एक. पाच-सहा पिल्लं पाजणारी मादी सुंदर दिसत नाही. ती बारीक झालेली असते, केस गळत असतात, स्तन खाली लोंबलेले असतात. ‘ही आई’ म्हणून तुकतुकीत अंगाची, घट्ट पोटाची कुत्री पुढे आणली, तर तिला पिल्लांत सोडायला सांगा. खऱ्या आईकडे पिल्लं तोंड खुपसत धावतील. उसन्या आईला काय करावं तेच कळणार नाही.

जागा बघा म्हणजे नाकाने बघा. फिनाइलचा घमघमाट असेल तर खूश होऊ नका; बहुधा पातळ हगवण झाकायला ताजं फिनाइल टाकलेलं असतं, आणि फिनाइलने पार्व्हो मरत नाही. पिल्लाची शेपटी उचलून मागचा भाग स्वच्छ आहे का बघा. अंग बारीक आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं, तर जंत. याउलट एखाद्याने तुम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले, “आज दुसऱ्या कुणाकडे कुत्री बघून आलात का?” असं दरडावून विचारलं, तर मनात त्याला दहा मार्क द्या. त्याने पार्व्होत पिल्लं गेलेली पाहिली आहेत.

‘डबल बोन’ हे बाजाराचं बोलणं आहे. अशी कुठली जात नाही, जातीचा प्रकारही नाही. जाड पायांचं पिल्लू म्हणजे भारी माल, एवढाच त्याचा अर्थ. आणि लॅबला आयुष्यभर त्रास वाढीव वजनाचाच होतो. पेपरचंही नीट समजून घ्या. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र म्हणजे आईबाप कोण, याची नोंद. तब्येतीची हमी त्यात नसते. आणि एकाच पिल्लाला पेपरसह आणि पेपरशिवाय असे दोन रेट सांगणारा माणूस तुम्हाला पिल्लाबद्दल काही सांगत नसून स्वतःबद्दल सांगतोय. नोंदणीचं शुल्क काही दहा हजार नसतं.

चांगल्या ब्रीडरची सगळ्यात पक्की खूण तुमच्या पत्रात नाहीच: तो तुम्हाला प्रश्न विचारतो. घरी दिवसा कोण असतं? कितवा मजला, लिफ्ट आहे का? (लिफ्टचं तुम्ही मलाही कळवलं नाही.) गावाला गेलात तर कुत्रं कोणाकडे? आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं? तुम्हाला ही चौकशी उर्मट वाटेल. वाटू द्या. तो लेखी देतो की कधीही, कुठल्याही कारणाने कुत्रं सांभाळणं जमलं नाही तर ते परत त्याच्याकडेच यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही. अशा माणसाकडे बहुतेक वेळा पिल्लं शिल्लकच नसतात, नाव लावून थांबावं लागतं. त्याचा पत्ता इन्स्टाग्रामवर शोधण्यापेक्षा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा, तुमच्या भागातल्या डॉक्टरला विचारा, सकाळी निरोगी, शांत लॅब फिरवणारं कोणी दिसलं तर थांबवून विचारा. कुत्रेवाले लोक बोलायला एका पायावर तयार असतात.

समजा, असा कोणी सापडला आणि त्याने विचारलं, “दिवसा कोण असतं?” तुम्ही सांगणार, सासूबाई. तो पुढचा प्रश्न विचारेल तोच मी विचारते: त्या हो म्हणाल्यात का?

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य “सासूबाई घरी असतातच” हे आहे. त्या घरी असतात. कुत्रं सांभाळायला नसतात. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन तासांनी शू करतं, दिवसातून तीन-चारदा खातं, चपलेपासून चार्जरपर्यंत सगळं कुरतडतं. तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडल्यावर फरशी कोण पुसणार? दुखऱ्या गुडघ्यांनी खाली कोण बसणार? ओल्या फरशीवर पाय घसरला तर? आणि वर्षभरात तेच पिल्लू तीस किलोचं होऊन लाडाने अंगावर झेप घेईल, तेव्हा त्या दारात उभ्या असतील. “माझ्याच्यानं होणार नाही” याला रुसवा समजू नका. तुमच्या घरात या विषयावर एवढंच एक वाक्य हिशेब करून बोललं गेलंय. काटोलचा मळा वेगळा होता हो. तिथे कुत्रं दिवसभर मोकळं, घरात कोणी ना कोणी आणि शू कुठे केली हे कोणी विचारत नव्हतं.

दुसरं, मे महिना. नागपुरात त्या दिवसांत पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर. लॅब थंड प्रदेशातलं, दुहेरी केसांचं कुत्रं. ते इथे राहू शकतं, राहतातही, पण सूर्य वर यायच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर फिरवणारं माणूस घरात असलं तर. डांबरावर तळहात पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होणार नाही. वाढदिवसाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या गोंगाटात, फुगे फुटत असताना नवं पिल्लू घरात आणणं हा तर आणखी वेगळा छळ. पावसाळ्यात गोचीड आणि त्यापाठोपाठ गोचिडाचा ताप असतो. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. थंडीत शू जास्त होते, तेवढं सोसा.

जाऊबाईंच्या पापाबद्दल. चांगल्या ब्रीडरकडून पिल्लू घेण्यात पाप नाही. प्रत्येक माजाला आईची वीत न घेणारा, गिऱ्हाईक पारखून घेणारा आणि कुत्रं परत घेणारा ब्रीडर रस्त्यावरच्या कुत्र्यांत भर घालत नाही. भर घालतात ते घाईने विकणारे आणि घाईने घेणारे. वर्षभराने “आवरत नाही” म्हणून सोडून दिलेले लॅब आणि हस्की मी पाहिलेत, गळ्यात पट्टा तसाच. तेव्हा जाऊबाईंचा मुद्दा चूक असला तरी त्यांची काळजी खरी आहे. मात्र पुण्य लागावं म्हणून रस्त्यावरचं महिन्याचं पिल्लू उचलून आणलंत, तर त्याची शू, चावणं आणि लसी लॅबइतक्याच असतील. फक्त त्याला आपलं ऊन सोसतं, हा फायदा मोठा.

मी तुमच्या जागी असते तर पिल्लाचा विचारच बाजूला ठेवला असता. दोन-तीन वर्षांचं, घरात राहायची सवय असलेलं, नसबंदी झालेलं कुत्रं बघितलं असतं. लोक बदली होऊन जातात, परदेशी जातात, घरात आजारपण येतं. त्यांची कुत्री चांगल्या घराच्या शोधात असतात, आणि त्यात लॅब पुष्कळदा असतो. चांगल्या ब्रीडरकडेही कधी परत आलेलं मोठं कुत्रं असतं. अशा कुत्र्याचा स्वभाव आज दिसतो, कंबर आज तपासता येते, आणि ते सकाळी बाहेर जाऊन आलं की दुपारी पंख्याखाली झोपतं. सासूबाईंना खाली वाकावं लागत नाही. मधल्या वेळी पैसे देऊन कोणी फिरवून आणणारा ठेवला, की झालं.

मुलाला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. त्याला उद्यापासून सकाळी साडेपाचला उठून बाबांसोबत खाली एक चक्कर मारायला सांगा, कुत्र्याशिवाय. शाळेला सुट्ट्या लागल्या तरी. महिनाभर टिकला, तर कोणाकडे तरी नाव लावायला तो सोबत येईल. नाही टिकला, तर सकाळचं फिरवणं तुमच्या दोघांपैकी कोणाचं, ते आधी ठरवा आणि मगच पुढे जा.

कुत्रं घरात आलं की पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा, महापालिकेत किंवा तुमच्या भागाच्या नगरपंचायतीत नोंदणीची चौकशी करून ती करून घ्या. सोसायटीने “कुत्रं चालणार नाही” असा ठराव केला असेल तर घाबरू नका. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. जिन्यातली घाण उचलणं मात्र तुमचंच काम.

मोठं कुत्रं बघायला जाल तेव्हा सासूबाईंना सोबत न्या. त्यांना खुर्ची द्या आणि अर्धा तास कुत्र्याला त्या खोलीत मोकळं सोडा. परतीच्या वाटेवर आधी त्यांना विचारा, मुलाला नंतर.